कव्हरवरचा हात माझा, बाकीचं चित्र कुणाचं? कॉपीराइटचे कायदे लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

साहेब, मॅडम, नमस्कार.

तुम्ही कुठल्या देशाचे, कुठल्या खात्याचे ते मला माहीत नाही आणि त्याने फारसा फरकही पडत नाही, कारण कॉपीराइटचा कायदा जिथे जिथे लिहिला जातो तिथे सध्या एकच फाइल टेबलावर पडून आहे, एआयने केलेल्या चित्राचा, लेखाचा, गाण्याचा मालक कोण. मी वकील नाही. पुस्तकांची कव्हरं करते, बरीच वर्षं करतेय, आणि या प्रश्नात माझा पाय जिथे अडकला त्या जागेबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

झालं असं की एका प्रकाशकाने मला तयार चित्र पाठवलं. त्यांच्याच ऑफिसात कोणीतरी एआयवर बनवलेलं. रात्रीची नदी, होडीत उभी असलेली बाई, हातात कंदील. लांबून बघितलं तर झक्कास. झूम केलं तर त्या हाताला सहा बोटं, त्यातलं एक कंदिलाच्या कडीतून आरपार गेलेलं आणि कडी पुढे जाऊन मनगटातच विरघळलेली. मेसेज आला, 'फक्त हात नीट करून द्या, बाकी फायनल आहे.' आता हात नीट करणं म्हणजे काय हे कुठल्याही चित्रकाराला विचारा, चेहरा चुकला तर लोक म्हणतात स्टाइल आहे, हात चुकला तर लहान पोरगंही हसतं. मी स्वतःचा डावा हात बादलीच्या कडीला अडकवला, उजव्या हाताने फोनवर वीस-पंचवीस फोटो काढले, त्यातला एक उलटा करून समोर ठेवला आणि नव्या लेयरवर, म्हणजे मूळ चित्राच्या वरच्या वेगळ्या थरावर, हात पहिल्यापासून काढला. पेरं, नखं, वजनाने ताणलेला अंगठा, कंदिलाचा उजेड तळव्याच्या बाजूने येणार म्हणजे बोटांच्या कडा तांबूस हव्यात आणि मागची बाजू नदीच्या अंधारात जायला हवी. मग कडीही नवी काढावी लागली, कारण जुनी कडी कुठून सुरू होऊन कुठे संपते हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. सहा तास गेले.

पैसे वेळेवर मिळाले, तक्रार नाही. पैशांच्या आधी कॉन्ट्रॅक्ट आलं. त्यात नेहमीचाच क्लॉज होता, की हे संपूर्ण कव्हर ही कलाकाराची स्वतःची मूळ निर्मिती आहे, तिचे सगळे हक्क कलाकार प्रकाशकाकडे सोपवते आहे, आणि उद्या हक्कांवरून काही वाद झाला तर जबाबदारी कलाकाराची. मी फोन केला, म्हटलं अहो चित्र तुम्हीच पाठवलंत की, मी फक्त हात काढलाय. तिकडून उत्तर, 'अहो ते स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे करतात सही.' मीही केली. खोटं का बोलू, केली.

नंतर रात्री बसून वाचायला लागले की या चित्रात माझं नेमकं काय आहे.

तर अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसपुढे अगदी असंच एक प्रकरण आलं होतं. क्रिस कश्तानोवा यांनी एक कॉमिक केलं, चित्रं मिडजर्नी या एआय टूलवर बनवलेली, शब्द आणि मांडणी स्वतःची. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑफिसने सांगितलं की शब्द तुमचे, पानांवरची मांडणी तुमची, चित्रं तुमची नाहीत. एका चित्रात पात्राच्या ओठांमध्ये फोटोशॉपने थोडा बदल केला होता, त्यावर ऑफिसचं म्हणणं पडलं की हा बदल इतका किरकोळ आहे की त्याने हक्क बनत नाही. मी ते वाचून हसले आणि मग गप्प झाले. ओठ किरकोळ, मग माझा हात? त्याच ऑफिसने जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एकाच्या चित्राची नोंदणी केलीय, त्याने एआयच्या चित्रावर तुकड्या-तुकड्याने पस्तीसेक बदल करून घेतले होते, काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठे बसवायचं हे सगळं ठरवलं होतं, म्हणून ती निवड आणि मांडणी त्याची धरली. म्हणजे ओठ आणि ते पस्तीस बदल यांच्या मध्ये कुठेतरी माझा हात लोंबकळतोय. मी तो पूर्ण नव्याने काढलाय तेव्हा तो माझा धरला जाईल असं मला वाटतं. पण उरलेली नदी, होडी, बाई, कंदिलाची काच? मी सही करून जे प्रकाशकाला दिलं ते मुळात माझंच नव्हतं. प्रकाशकाचंही नव्हतं. जे कोणाचंच नाही ते मी हातोहात विकलं.

आता तुम्ही म्हणाल की म्हणूनच तर आम्ही मालक ठरवायला बसलोय. तिथेच माझा तुमच्याशी वाद आहे.

काही देशांनी हे आधीच ठरवून ठेवलंय. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात लिहिलंय की माणूस लेखक नसलेली, कॉम्प्युटरने तयार केलेली कृती असेल तर ती तयार होण्यासाठी लागणारी व्यवस्था ज्याने केली तो तिचा लेखक, आणि हक्क पन्नास वर्षं. भारताच्या १९५७च्या कायद्यात १९९४ साली भर घातली गेली, तिथे कॉम्प्युटरने केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती निर्मिती घडवून आणणारी व्यक्ती. दोन्ही वाक्यं लिहिली गेली तेव्हा चार शब्द टाइप केले की होडीतली बाई तयार होईल हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं, त्यामुळे लिहिणाऱ्यांना दोष देत नाही. पण आज ती वाक्यं माझ्या कव्हरला लावून बघा ना. व्यवस्था कोणी केली? ऑफिसातल्या ज्या मुलाने प्रॉम्प्ट, म्हणजे काय हवं ते सांगणारे शब्द, टाइप केला त्याने? टूलची वर्गणी भरली त्या प्रकाशकाने? मॉडेल बनवलं त्या कंपनीने? की ज्यांच्या लाखो चित्रांवर ते मॉडेल शिकलं त्या सगळ्यांनी मिळून? (माझी जुनी कव्हरं न विचारता त्या शिकवणीला गेली का, तो वेगळा वाद आहे, त्याचं वेगळं पत्र लिहीन, इथे नको.) भारतात तर २०२० मध्ये एका चित्राच्या नोंदणीत एका एआय ॲपचं नाव सहलेखक म्हणून लागलं आणि वर्षभराने खात्यालाच ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढावी लागली. यंत्रच लेखक म्हणायचं तर त्याचा निकाल अमेरिकेत लागलाय, स्टीफन थेलर नावाच्या गृहस्थांनी आपल्या यंत्राचं नाव लेखकाच्या रकान्यात लिहून अर्ज केला, तो फेटाळला गेला, २०२३ मध्ये कोर्टाने फेटाळला, मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने. लेखक माणूसच हवा. हे मला पटतं, यंत्राला ना पोट ना नाव, हक्क घेऊन ते करणार काय.

मग उरतो प्रॉम्प्ट लिहिणारा. त्याच्याबद्दल मला आकस नाही, मी पण रेफरन्ससाठी ती टूल्स वापरते, सोवळं पाळत नाही. पण प्रॉम्प्ट लिहिला म्हणून चित्र माझं हे ऐकलं की मला माझे क्लायंट आठवतात. 'जरा वॉर्म करा', 'बाई अजून उदास हवी', 'नाही नाही, एवढी पण नको', 'पहिलंच बरं होतं बहुतेक', असे साठ-साठ मेसेज करून माझा जीव काढणारे क्लायंट आहेत, आणि त्यांच्यातल्या एकानेही आजवर 'हे चित्र मी काढलं' असं म्हटलेलं नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. २०२२ मध्ये कोलोराडोच्या जत्रेत जेसन ॲलन यांच्या मिडजर्नीच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं, त्यांनी सांगितलं की मी निदान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलले, तरी कॉपीराइट ऑफिसने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली, तो माणूस नंतर कोर्टातही गेला. ६२४ वेळा म्हणजे मेहनत आहे हो, मी नाही म्हणत नाही. पण कॉपीराइट मेहनतीचा मोबदला म्हणून मिळत नाही हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात सांगून टाकलंय, हजारो नंबर गोळा करायला कितीही घाम गाळा, त्यात स्वतःचं काही सुचलेलं नसेल तर हक्क नाही. आणि तोच प्रॉम्प्ट दुसऱ्यांदा टाकला तर दुसरीच बाई येते, दुसऱ्याच होडीत. ६२४व्या वेळी हवं ते आलं, म्हणजे ६२३ वेळा त्याच्या हातात काहीच नव्हतं, नाही का.

इथे मला एक गोष्ट मान्य करायलाच हवी, नाहीतर तुमच्यातलं कोणीतरी ती काढणारच. फोटोग्राफीच्या वेळीही लोक हेच म्हणत होते, की कॅमेरा म्हणजे यंत्र, माणसाने काय केलं, बटण दाबलं. १८८४ मध्ये अमेरिकेत खटला झाला, ऑस्कर वाइल्डच्या एका फोटोच्या ८५,००० प्रती एका छपाई कंपनीने विनापरवानगी काढल्या होत्या आणि वर म्हणत होती की फोटोला लेखक कुठला. कोर्टाने फोटोग्राफरच्या बाजूने निकाल दिला, कारण बसवणं, कपडे, पडदा, उजेड-सावली हे सगळं त्याने ठरवलेलं होतं. तेव्हा उद्या एखादा माणूस या टूल्सवर तेवढाच ताबा मिळवेल, आधी डोक्यात चित्र असेल आणि मग बरोबर तेच बाहेर येईल, त्या दिवशी मी माझं म्हणणं बदलेन. चीनमध्ये तर बीजिंगच्या इंटरनेट कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्येच एकाला हक्क दिलाय, स्टेबल डिफ्यूजन या एआय टूलवर केलेलं चित्र दुसऱ्याने वॉटरमार्क काढून वापरलं होतं, कोर्ट म्हणालं की प्रॉम्प्ट आणि सेटिंग्ज निवडण्यात याची बुद्धी दिसते, ५०० युआन भरपाई दे. मला तो निकाल पटला नाही, पण तो वेडगळ आहे असंही म्हणवत नाही. युक्रेनने तिसरीच वाट काढली, यंत्राच्या कृतीला कॉपीराइट न देता वेगळाच एक हक्क दिला, पंचवीस वर्षांचा. म्हणजे एकच चित्र सीमा ओलांडली की कधी याचं, कधी त्याचं, कधी कोणाचंच नाही.

आणि ज्या कंपन्या ही टूल्स विकतात त्यांचे वकील तुमच्यापेक्षा हुशार निघाले बघा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या अटींमध्ये लिहिलंय की आउटपुटमधला आमचा सगळा हक्क आम्ही तुम्हाला देतो, आणि मध्येच हळूच दोन शब्द टाकलेत, 'असलाच तर'. असलाच तर! माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हे दोन शब्द असते तर मी शांत झोपले असते. देणाऱ्या कंपनीने असलाच तर म्हणून दिलं, प्रकाशकाने आहेच असं धरून घेतलं आणि शेवटी कलाकाराकडून लिहून घेतलं की आहे, माझाच आहे, मी हमी देते. साखळीतल्या मोठ्यांनी हात झटकले आणि हमीचं ओझं सगळ्यात लहान माणसाच्या गळ्यात पडलं.

आता पुढची गोष्ट ऐका, त्यासाठीच हे पत्र. पुस्तक आलं आणि काही महिन्यांनी प्रकाशकाचा फोन, आपलं कव्हर चोरीला गेलंय. ऑनलाइन एक दुसरं पुस्तक विकायला होतं, त्यावर तीच नदी, तीच बाई. नोटीस पाठवून ते काढायला लावायचं होतं आणि फॉर्मवर मूळ निर्माती म्हणून माझं नाव आणि सही हवी होती. मी लिंक उघडली. त्या लोकांनी चित्र खालून कापलं होतं. बाई खांद्यापर्यंत, मागे नदी, त्याखाली मोठ्या अक्षरात पुस्तकाचं नाव. हात नव्हताच. कंदीलही नव्हता, नुसता त्याचा उजेड बाईच्या हनुवटीवर. म्हणजे अख्ख्या चित्रात जेवढा भाग माझा होता नेमका तेवढाच वगळून उरलेलं उचललं होतं, आणि उरलेलं तर कोणाचंच नव्हतं, मग चोरी कोणाची झाली?

मी फॉर्म वाचला. 'माझ्या पूर्ण माहितीप्रमाणे वरील मजकूर खरा आहे' याच्यापुढे टिक करायची होती. चित्रात तुमचं स्वतःचं काय आहे, हा प्रश्न कुठेच नाही. एआय शब्दच नाही. मी नाही म्हटलं. ते म्हणाले तुम्हीच तर लिहून दिलंय की सगळं तुमचं आहे, आता मागे कसं फिरता. बरोबरच होतं त्यांचं, कागदावर सही माझीच होती. पुढे ते प्रकरण थंड पडलं, कसं पडलं मी विचारलं नाही, आणि त्यांच्याकडून पुन्हा काम आलं नाही, तेही मी विचारलं नाही. त्यानंतरच्या एका कामात मी त्या क्लॉजवर काट मारून पेनाने लिहिलं, 'हात आणि त्यातल्या वस्तूंपुरतंच', तर समोरच्या बाईंना वाटलं मी चेष्टा करतेय.

आता हे सगळं जोडून बघा. तुमच्या कार्यालयात वाद चाललाय की यंत्राच्या चित्राचा खरा मालक कोण, आणि बाहेर बाजारात त्याचं उत्तर कोणाला नकोच आहे. जो आधी नोटीस टाकेल तो मालक. प्लॅटफॉर्मवाले आधी काढून टाकतात, चौकशी नंतर, झाली तर. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात खोटी नोटीस देणाऱ्याला जबाबदार धरायची तरतूद आहे, पण त्यात 'जाणूनबुजून' शब्द आहे, आणि 'मला वाटलं प्रॉम्प्ट माझा म्हणजे चित्र माझं' असं म्हणणाऱ्याचा जाणूनबुजूनपणा सिद्ध करणार कोण. नोंदणीच्या वेळी पकडू म्हणाल तर तेही नाही, अमेरिकेचं ऑफिस मार्च २०२३ पासून अर्जात एआयचा भाग उघड करायला सांगतं हे चांगलंच आहे, पण बर्न नावाच्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराप्रमाणे हक्क मिळायला मुळात नोंदणी लागतच नाही, कृती तयार झाली की हक्क लागू. माझ्यासारख्या बहुतेकांनी आयुष्यात नोंदणीचा फॉर्म बघितलेला नसतो. आम्ही बघतो ते कॉन्ट्रॅक्ट आणि नोटीस.

म्हणून माझी मागणी त्या दोन कागदांबद्दल आहे. कॉन्ट्रॅक्टबद्दल कायद्यात एवढं लिहा, की कलाकाराकडून हमी घेता येईल ती त्याने स्वतः केलेल्या भागापुरतीच, आणि चित्र ज्याने पुरवलं त्याने ते एआयचं आहे का हे आधी लिहून द्यायचं, त्यापुढची हमी सही असली तरी रद्द. आणि कोणाचंही काम काढायला लावणारी नोटीस असेल तर तिच्यात विचारा की यातलं माणसाने काय केलं आणि समोरच्याने नेमकं तेच उचललंय का. लोक खोटं लिहितील, हो, लिहितीलच. पण आज फॉर्म विचारतच नाही, त्यामुळे खोटं बोलायचीही गरज पडत नाही. एकदा विचारलंत की मग माझ्याकडे लेयरची फाइल आहे, बादलीच्या कडीत अडकवलेल्या हाताचे फोटो आहेत, समोरच्याने त्याचं काय आहे ते दाखवावं.

आणि कृपा करून त्या उरलेल्या नदीला मालक शोधत बसू नका. कोणी म्हणतं की मालकी दिली नाही तर कोण कशाला एआयवर पैसा लावेल, तर तो पैसा आधीच लागलाय आणि वर्गणीतून वसूलही करतायत, पन्नास वर्षांच्या हक्कावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. उलट हक्क दिलात तर काय होईल याचा विचार करा. मी महिन्याला तीन-चार कव्हरं करते. ते टूल एका संध्याकाळी हजार होड्या काढेल, आणि प्रत्येक होडीला पन्नास वर्षांचं कुलूप लागलं तर उद्या मी हाताने होडी काढली तरी तिच्यासारखी एखादी कोणाच्या तरी कपाटात निघेलच. तेव्हा ती नदी मोकळी राहू द्या, ज्याला वापरायचीय त्याने वापरावी, त्या दुसऱ्या पुस्तकवाल्यानेसुद्धा. मला त्याचा राग आला नव्हता, खरं सांगायचं तर हात कापला याचंच जरा वाईट वाटलं.

नोटिशीतला तो नवा रकाना मात्र छापाल तेव्हा जरा मोठा ठेवा. 'हात एक, बोटं पाच' एवढ्यावर भागायचं नाही, कंदिलाची कडीपण लिहायचीय, तीही मीच काढलीय.

आपली,
कव्हरं करणारी एक